सुनंदाबाईंचा विनोद आणि मार्कसची बरगडी

मार्कस परेराची बरगडी मोडली ती पडून नाही, आपटून नाही, कुणाशी मारामारी करूनही नाही. हसून मोडली. आणि ज्यांच्या विनोदावर तो हसला त्या सुनंदाबाई रेग्यांनी त्याआधी कधी विनोद केल्याचं डायलिसिस सेंटरमध्ये कुणालाच आठवत नव्हतं.

सेंटर अंधेरी पूर्वेला, गुंदवली मेट्रो स्टेशनच्या जवळ. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळची बॅच. खिडकीकडच्या खुर्चीत मार्कस, त्याच्या शेजारी सुनंदाबाई. दोघांच्या डाव्या हातात सुया, दोघांचं रक्त आपापल्या मशीनमधून फिरून परत येतंय, आणि चार तास हलायची सोय नाही. अशा ठिकाणी शेजारी चांगला मिळणं हे नशिबाचं काम. मार्कसला वाटायचं आपलं नशीब फुटकं. सुनंदाबाईंनाही अगदी तेच वाटायचं.

मार्कस मरोळच्या गावठाणातला. सगळी नोकरी विमानतळावर कार्गोत गेली. विमानांच्या आवाजावर आवाज चढवून चढवून त्याचा गळा असा तयार झाला होता की तो कुजबुजला तरी रस्त्यापलीकडच्या बेकरीत ऐकू जायचं. गावठाणात कुणाचंही लग्न असो, नवरानवरीच्या नावानं टोस्ट द्यायला मार्कसच उभा राहायचा. हातात ग्लास, सूट जरा घट्ट, आणि अर्धा तास बोलणं. लोक हसून हसून टेबलावर डोकं टेकायचे. किडन्या गेल्या, दारू बंद झाली, ग्लासात घोटभर सरबत आलं, पण टोस्ट काही बंद झाला नाही.

सुनंदाबाई दिंडोशीच्या. एकट्या मेट्रोनं यायच्या, एकट्या जायच्या. गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे चूक दिसली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

“काल मी रोझमेरीला बोललो की...” मार्कस सुरू करायचा.

“रोझमेरीला म्हणालो,” सुनंदाबाई डोळे मिटूनच सांगायच्या. “बोललो नव्हे.”

“अहो, पण मी खरंच बोललो ना!”

खाण्यापिण्यातही तेच. डायलिसिसवरच्या माणसानं दूध, चीज, सुकी मासळी, कोला असल्या गोष्टींना हात आखडता घ्यायचा असतो, कारण त्यातला फॉस्फरस मशीनला पुरता काढता येत नाही. तो अडवायच्या मोठाल्या गोळ्या मिळतात, त्या जेवणाच्या घासांबरोबरच घ्याव्या लागतात. सुनंदाबाई नैवेद्याला तुळशीपत्र ठेवावं तशा ताटाशेजारी गोळ्या ठेवायच्या आणि मगच घास उचलायच्या. मार्कस सगळ्या गोळ्या झोपताना एकदम गिळून मोकळा व्हायचा. “पोटात गेल्याशी मतलब. आत जाऊन भेटतील एकमेकांना.” त्यावर सुके बोंबील भाजून खायचा आणि वर थंडगार कोला.

तर तो शुक्रवार. टेक्निशियन नितेशनं दोघांची मशीनं लावली आणि मार्कस कंटाळून म्हणाला, “सुनंदाबाई, आयुष्यभर चुका पकडल्या तुम्ही. एखादी सुटली का नाही कधी?”

सुनंदाबाईंनी बराच वेळ विचार केला. मग छताकडे बघत सांगितलं, “एक सुटली. एका कार्यक्रमाची पत्रिका होती. मंत्रिमहोदय सपत्नीक उपस्थित राहतील, असं हवं होतं. छापून आलं, मंत्रिमहोदय सपत्नीक उपाशी राहतील.”

मार्कसचे ओठ हलायला लागले.

“आयोजकांनी ते वाचून जेवणच ठेवलं नाही. मंत्री, त्यांची बायको, दोघंही दुपारी तीनपर्यंत तसेच. शेवटी ड्रायव्हरनं वडापाव आणून दिले.”

“आणि तुम्हाला दिसलीच नाही चूक?”

“दिसली होती ना.”

“मग?”

“मला वाटलं, संकष्टी असेल.”

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मार्कसचा जो काही स्फोट झाला त्यानं पलीकडच्या खोलीतली सिस्टर धावत आली. तो हसला, हसता हसता खोकला, पुन्हा हसला, आणि मध्येच ‘कट’ असा आवाज झाला. सुकी काडी मोडावी तसा. उजव्या हातानं त्यानं कूस धरली आणि श्वास अर्ध्यावर अडकवून म्हणाला, “नितेश, काहीतरी तुटलं रे.”

नितेशनं आधी मशीन तपासलं. मशीन ठीक होतं.

बरगडीला प्लास्टर घालत नाहीत. आराम करा, जपून श्वास घ्या, इतकंच. गावठाणात बातमी पसरायला वेळ लागला नाही. रोझमेरी, मार्कसची बायको, नवऱ्याचं हाड हसून मोडलं हे लोकांना कसं सांगावं या विचारात होती, तोवर शेजारची वनमाला उपाय घेऊन हजर झाली. हाडं ठिसूळ झालीत म्हणजे कॅल्शियम कमी. रोज दोन पेले दूध, बकऱ्याच्या पायांचं सूप आणि केमिस्टकडून कॅल्शियमच्या गोळ्या. रोझमेरीनं पहाटे उठून पाया शिजत ठेवला. नवऱ्यासाठी काहीतरी करता येतंय याचंच तिला बरं वाटलं. मार्कसनं बोटं चाटून सूप प्यायलं. आयुष्यात पहिल्यांदा पथ्य म्हणून कुणीतरी चवीचं दिलं होतं.

डॉक्टर गार्गींनी पुढच्या तपासणीत हे ऐकलं आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. त्या सेंटरच्या किडनीच्या डॉक्टर, मार्कसच्या मुलीच्या, एलेनच्या वयाच्या.

“अंकल, कुणी सांगितलं हे तुम्हाला?”

“शेजारणीनं.”

“शेजारीण कुठल्या हॉस्पिटलात आहे?”

“पोस्टात होती,” रोझमेरी हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे उजेडात धरला. मणक्याची हाडं पुसट, धुरकट दिसत होती. त्यांच्या पुढ्यात मात्र एक ठळक पांढरी रेघ वरून खाली उतरली होती, शाळेच्या फळ्यावर खडूनं ओढल्यासारखी.

“हा काय, मणका?” मार्कसनं विचारलं.

“नाही. ही पोटातली मोठी रक्तवाहिनी. एक्स-रेत ती इतकी दिसायलाच नको. कॅल्शियम चढलंय तिच्या भिंतीवर, म्हणून दिसते.” डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसल्या. “किडनी गेली की फॉस्फरस साचतो. मग गळ्यातल्या चार इवल्याशा ग्रंथी बिथरतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढत सुटतात. हाडं पोकळ होत जातात. आणि ते कॅल्शियम जाऊन बसतं रक्तवाहिन्यांत. त्या कडक होतात, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तुमचं रक्त तपासलं, त्या ग्रंथींचं हार्मोन असायला हवं त्याच्या कितीतरी पट वर आहे. त्यात तुम्ही वरून दूध आणि कॅल्शियम ओतताय.”

मार्कसनं त्या रेघेवर बोट ठेवलं. “म्हणजे माल जिथे पाहिजे तिथून उचलला आणि नको तिथे नेऊन टाकला?”

“बरोबर.”

“कार्गोत असं केलं असतं ना डॉक्टर, तर सस्पेंड केलं असतं एकेकाला.”

डॉक्टर हसल्या. रोझमेरी हसली नाही. “ती रेघ पुसता येते?” तिनं विचारलं.

“नाही, आंटी. बसलेलं सहसा निघत नाही. पुढे वाढू नये म्हणून खूप काही करता येतं.”

घरी आल्यावर खाटेवर बसून मार्कसनं गळ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवली. आत नस उडत होती, नेहमीसारखीच. आतून खडूसारखी झालीय हे बाहेरून काय कळणार? रोझमेरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि पायाचं उरलेलं सूप मोरीत ओतून दिलं.

“मना काय ठावं होतं रे,” ती आतूनच म्हणाली.

“मना तरी कुठं ठावं होतं,” मार्कस म्हणाला.

इकडे सेंटरमध्ये वेगळंच झालं होतं. बरगडी मोडल्यानंतरच्या सोमवारी मार्कस कूस सांभाळत आला तर शेजारच्या खुर्चीत कुणी श्यामसुंदर नावाचे गृहस्थ घोरत होते. सुनंदाबाई पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून.

“त्यांनीच जागा बदलून मागितली,” नितेश म्हणाला. “तुम्हाला पुन्हा काही व्हायला नको म्हणून. पण तोंडानं नाय बोलल्या तसं.”

मार्कसला वाटलं होतं, सुटलो. पण दोन आठवडे श्यामसुंदरांचं घोरणं ऐकल्यावर त्याला कुणीतरी आपली चूक काढावी असं फार वाटू लागलं.

डॉक्टरांनी आधी औषधानं ग्रंथी शांत करून बघू म्हटलं. गोळ्या आता घासाबरोबर सुरू झाल्या, बोंबील आणि कोला बंद. नवीन औषधानं मात्र मार्कसला मळमळायचं, सकाळी उठला की बेसिन गाठायचा. तरी चार महिने नेटानं घेतलं. रक्ताचा आकडा जरा हलला आणि पुन्हा हटून बसला. मग डॉक्टर गार्गी म्हणाल्या, “अंकल, ऑपरेशन करूया. गळ्याला छोटा छेद घेऊन त्या ग्रंथी काढायच्या.”

सर्जननं सगळं नीट समजावलं. मार्कसनं फक्त एक वाक्य ऐकलं. आवाजाच्या नसा त्या ग्रंथींना अगदी लागून असतात. फार थोड्या जणांचा आवाज बसतो, बहुतेकांचा परत येतो. पण खात्री देता येत नाही.

आणि ईस्टरनंतर शेर्विनचं लग्न होतं. शेर्विन मार्कसच्या मोठ्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा शेर्विन शाळेत होता, मार्कसनंच त्याला सायकल शिकवली, मार्कसनंच त्याच्या नोकरीसाठी चपला झिजवल्या. त्याच्या लग्नात टोस्ट दुसऱ्या कुणी द्यायचा हा विचारसुद्धा मार्कसला सोसत नव्हता.

“लग्न झाल्यावर करतो ऑपरेशन,” तो म्हणाला.

“आणि तवर शिंकलास तर?” रोझमेरी म्हणाली. “मांडीचं हाड गेलं तर? टोस्ट काय स्ट्रेचरवर देणार हाय?”

तीन दिवस घरात भांडी जोरात आपटत होती. चौथ्या दिवशी मार्कसनं सेंटरला लवकर येऊन श्यामसुंदरांना चहा पाजला, भिंतीकडच्या खुर्चीवरून टीव्ही किती चांगला दिसतो ते पटवून दिलं, आणि सुनंदाबाई आल्या तेव्हा त्यांना जुन्या खुर्चीशिवाय जागाच उरली नाही.

सुया लागल्या. मशीन सुरू झालं. सुनंदाबाई छताकडे बघत होत्या.

“माझी बरगडी तुमच्यामुळे नाही मोडली,” मार्कस म्हणाला.

“माझ्याच बोलण्यानं मोडली.”

“आधीच पोकळ होती हो. उलट तुमच्यामुळे कळलं. नाहीतर एक दिवस बाथरूममध्ये पडलो असतो आणि संपला विषय.” मग त्यानं ऑपरेशनचं सांगितलं, शेर्विनचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. इतकं गंभीर बोलायची सवय नसल्यामुळे मध्ये मध्ये अडखळला. “आवाज गेला तर माझ्याकडे आहे काय दुसरं? किडनी नाही, हाडं नाहीत. एक आवाजच तर चांगला आहे माझा.”

सुनंदाबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“चांगला नाही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुमचा आवाज. चांगला नाही, मोठा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

मार्कस काही म्हणणार, तोवर त्या पुढे बोलू लागल्या.

“लोक तुमच्या आवाजावर हसत नाहीत, मार्कस. तुम्ही जे सांगता त्यावर हसतात. मी ऐकते ना इतकी वर्षं. डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात माझे.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “ऑपरेशन करून घ्या. आवाज बसला तर माईक मिळतो भाड्यानं. हाडं नाही मिळत.”

ऑपरेशन जानेवारीत झालं. शुद्धीवर आल्यावर मार्कसनं पहिल्यांदा आवाज लावून बघितला. घशातून निघालं ते दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी. रोझमेरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. “गप राहा. जल्मात पयल्यांदा गप राहा.”

दुसऱ्या दिवशी वेगळीच गंमत. ओठांभोवती मुंग्या, बोटांच्या टोकांना मुंग्या. डॉक्टर गार्गी राउंडला आल्या, रक्ताचा रिपोर्ट बघितला, आणि सलाइनमधून कॅल्शियम सुरू केलं. “हाडं उपाशी होती ना इतकी वर्षं,” त्या म्हणाल्या. “आता ओढणारं कुणी नाही म्हटल्यावर हाडं वखवखल्यासारखं कॅल्शियम खातात. रक्तात उरतच नाही. आता मात्र दूध प्यायचं, अंकल. दही, पनीर, सगळं चालेल. मी सांगेन तोवर.”

रोझमेरीनं डॉक्टरांकडे असं बघितलं की आता हिचं काय करावं. “मागल्या टायमाला दूध दिलं म्हणून ओरडलात मना!”

“तेव्हा ग्रंथी होत्या, आंटी.”

मार्कस हसला. आवाज येत नव्हता, पण हसताना कूस दुखली नाही. त्यानं मुद्दाम पुन्हा एकदा हसून खात्री करून घेतली.

लग्नापर्यंत आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. जाडाभरडा, चिरका, वरच्या पट्टीत गेला की तुटणारा. हॉल भरलेला होता. मार्कस माईक धरून उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की ओरडता येत नाही म्हटल्यावर लोक पुढे झुकून ऐकतायत. अर्ध्या तासाचा मजकूर तयार होता. घसा दुखायला लागला तसा त्यानं जोक गाळले, चुलत्यांची नावं गाळली, आणि शेवटी इतकंच सांगितलं की शेर्विनला सायकल शिकवताना मी मागून हात कधी सोडला ते त्याला कळलं नाही, तो वळून बघत राहिला, धडपडला. “म्हणून सांगतो, सून बाय, तू सोडू नको.” आणि ग्लास वर केला. शेर्विन त्याच्या गळ्यात पडून रडला. घरी जाताना रोझमेरी म्हणाली, “इतकी वर्सं हेच सांगतेय तुला, आखूड बोल.”

लग्नाची मिठाई घेऊन मार्कस सोमवारी सेंटरला गेला, सुनंदाबाईंना चालणार नाही हे माहीत असूनही एक बॉक्स त्यांच्यासाठी वेगळा ठेवला, निदान अनंतरावांना होईल. अनंतराव म्हणजे त्यांचे यजमान. सुनंदाबाई आल्या, बसल्या, पण बॉक्सकडे बघितलं नाही. मार्कस दोनदा “मी तिला बोललो” म्हणाला. त्यांनी चूक काढली नाही.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“माझ्या हाडांचा रिपोर्ट आला,” त्या म्हणाल्या. “खुब्याचं हाड फार विरळ झालंय. आज सेशन संपल्यावर डॉक्टर बोलावतायत.” आणि मग एकदम, दात आवळून, “एक गोळी चुकवली नाही हो मी. एक दिवस नाही. बटाटा दोनदा उकळून पाणी टाकून खाल्ला. अकरा वर्षं. आणि तुम्ही बोंबील खात होता!”

मार्कसच्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं. दोन्ही मशीनं आपापल्या परीनं घुरघुरत होती.

बऱ्याच वेळानं सुनंदाबाई म्हणाल्या, “अनंतना सांगितलं नाही मी. ते आठवडाभर झोपणार नाहीत. तुम्ही याल आत माझ्याबरोबर?”

“येतो की.”

डॉक्टर गार्गींनी रिपोर्ट आधी सुनंदाबाईंच्याच हातात दिला, त्या वाचल्याशिवाय ऐकणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. “तुमची चूक नाही, काकू,” त्या म्हणाल्या. “पथ्यानं तुमच्या रक्तवाहिन्या वाचल्यात. एक्स-रे बघा, जवळजवळ स्वच्छ. पण वय आहे, पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, त्यावर अकरा वर्षं डायलिसिस. हाडांवर सगळ्याचाच भार पडतो. आणखी थोड्या तपासण्या करून औषध ठरवू. तोवर पडायचं नाही, आणि बसून राहायचं नाही. रोज चालायचं. कठडा धरून जिने चढायचे. पायांत ताकद असली तर माणूस तोल सावरतो.”

सुनंदाबाईंनी तो पांढऱ्या रेघा नसलेला एक्स-रे बराच वेळ धरून ठेवला. “म्हणजे वाया नाही गेलं,” त्या म्हणाल्या.

“अजिबात नाही.”

बाहेर आल्यावर ऊन चांगलंच चढलं होतं. डायलिसिसनंतर दोघंही सावकाशच चालायचे. मार्कसला मरोळची रिक्षा समोरच मिळत होती, पण तो सुनंदाबाईंबरोबर मेट्रो स्टेशनकडे निघाला. त्यांनी त्याचा उजवा हात धरला, डावा सुयांचा म्हणून. फूटपाथवर एक फरशी उखडली होती, तिथे दोघंही थांबले, एकमेकांना सांगून मग पाऊल टाकलं.

स्टेशनपाशी लिफ्टचं दार उघडंच होतं. सुनंदाबाई तिकडे वळल्या, मग थांबल्या.

“जिना,” त्या म्हणाल्या.

“आजच? अहो, आत्ता तर उठलो खुर्चीवरून.”

“उद्यापासून म्हटलं की काय होतं ते मी पाहिलंय.” त्यांनी कठडा धरला आणि पहिली पायरी चढल्या. मार्कस मागोमाग. चार-पाच पायऱ्यांनी दोघंही धापा टाकत थांबले. वरून उतरणारी माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होती.

“तुम्ही कुठे चाललात?” सुनंदाबाईंनी विचारलं. “तुमचं घर तिकडे आहे.”

“दिंडोशी बघितली नाही बरेच दिवसांत,” मार्कस म्हणाला. “आणि अनंतरावांना मिठाई कोण देणार? तुम्ही बॉक्स विसरून आलात.” त्यानं पिशवी वर करून दाखवली आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.